वाचून झालं, पण आठवत नाही: उजळणी नेमकी कशाला म्हणायचं?

निळी_शाई

परीक्षा जवळ आल्या की 'लक्षात राहत नाही, काय करू' असे धागे निघतात आणि उत्तरंही ठरलेली येतात: पहाटे उठा, बदाम खा, अधोरेखित करून वाचा, दहादा वाचा. विसरण्यावर रीतसर प्रयोग 1885 च्याही आधीपासून चालू आहेत. त्यातलं बरंच काही रोजच्या अभ्यासाला थेट लावता येतं. ते एका जागी असावं म्हणून हा धागा.

मूळ मुद्दा एवढाच की पुस्तक पुन्हा वाचणं ही उजळणी नव्हे. पुस्तक मिटून आतलं आठवून काढणं, ही उजळणी.

रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने तो चारही सत्रांत फक्त वाचला. दुसऱ्याने तीन सत्रं वाचला आणि एकदा कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. तिसऱ्याने एकच सत्र वाचला आणि तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: 83, 78 आणि 71 टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा क्रम नेमका उलटा झाला: 40, 56 आणि 61. पहिल्या गटाचा उतारा सरासरी चौदा वेळा वाचून झाला होता, तिसऱ्याचा साडेतीन वेळासुद्धा नाही. तरी 'आठवड्याने तुम्हाला किती आठवेल' असं विचारल्यावर सर्वांत जास्त खात्री पहिल्या गटालाच होती.

सगळी गोम इथे आहे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, डोळे सरसर धावतात, आणि त्या सहजतेलाच आपण 'आलं' म्हणतो. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेत मागतात ते दुसरं, आणि सराव आपण करतो पहिल्याचा.

आता कृती. एका बैठकीला चार-पाच पानांहून जास्त मजकूर घेऊ नका. एकदा नीट समजून वाचा, कुठे अडलं तर तिथेच सोडवा. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि दहा मिनिटं आठवेल ते लिहा. वाक्यं पूर्ण नसली तरी चालतील, पण 'कारणे', 'परिणाम' असे नुसते मथळे लिहून पुढे जाऊ नका, मथळ्याखाली काय होतं ते उतरवा. मग पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाच्या पेनाने चुकलेलं आणि राहिलेलं भरा. पुन्हा वाचायचं ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी नवीन भाग घेण्याआधी कालच्या भागासाठी पुन्हा कोरा कागद.

हे बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, आठवेना म्हणून पाच-दहा सेकंदांत पुस्तक उघडणं. आठवण्याची खटपट हाच व्यायाम आहे, तिला अर्धा-एक मिनिट तरी द्या. दुसरं, मनातल्या मनात 'हो, हे येतंय' म्हणून पुढे सरकणं. कागदावर किंवा तोंडाने मोठ्याने आलं तरच आलं. तिसरं, पडताळणी न करणं. चुकीचं आठवलं आणि ते तपासलंच नाही, तर त्या चुकीचाच सराव होतो.

---

संख्यारेषा

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. एक भर घालतो, कारण कुणीतरी तो नेहमीचा आलेख इथे डकवणारच: '24 तासांत माणूस 70 टक्के विसरतो'.

आकडा जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसच्या 1885 च्या ग्रंथातून आला आहे, पण त्याचा अर्थ भलताच लावला जातो. त्याने 'किती आठवतं' हे मोजलंच नव्हतं. प्रयोग तो एकट्या स्वतःवरच करत होता. प्रत्येक वेळी तो 13 निरर्थक अक्षरगटांच्या आठ याद्या बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ करायचा आणि ठरावीक अंतराने त्याच याद्या पुन्हा पाठ करायचा. दुसऱ्या खेपेला वेळ किती वाचला, हे त्याचं माप. समजा पहिल्यांदा 1000 सेकंद लागले आणि दुसऱ्या दिवशी 663, तर बचत 33.7 टक्के. एका दिवसानंतरचा त्याचा आकडा हाच आहे. 20 मिनिटांनी बचत 58.2, तासाने 44.2, सहा दिवसांनी 25.4 आणि महिन्याने 21.1.

यातून दोन गोष्टी निघतात. घसरण सुरुवातीला जोरात होते, पुढे मंदावते. आणि 'काहीच आठवत नाही' अशा अवस्थेतसुद्धा बचत शिल्लक असते, म्हणजे पुन्हा शिकायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. महिन्यापूर्वीचं प्रकरण कोरं वाटतं म्हणून 'सगळं वाया गेलं' असं म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मात्र ते टक्के इतिहासाच्या प्रकरणाला जसेच्या तसे लावू नका. अर्थ असलेला मजकूर बराच टिकतो. एबिंगहाउसने बायरनच्या 'डॉन जुआन'मधली कडवीही पाठ करून पाहिली होती. निरर्थक अक्षरांच्या मानाने त्यांना साधारण दहावा हिस्सा श्रम पुरले.

2015 मध्ये मुरे आणि ड्रोस यांनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि विसरण्याचा वक्र जवळपास तसाच आला. 24 तासांच्या बिंदूला तो किंचित वर उचललेला दिसतो, त्यामागे झोप असावी असा अंदाज आहे.

---

रात्रीची_अभ्यासिका

कोरा कागद समजला. पण राज्यसेवेचा अभ्यासक्रम एवढा मोठा आहे की रोज कालचं, परवाचं, तेरवाचं लिहीत बसलो तर नवीन कधी वाचायचं? उजळणी किती दिवसांनी करायची याला काही हिशेब आहे का? इथे 1-3-7-21 असं बरेच जण सांगतात.

---

निळी_शाई

@रात्रीची_अभ्यासिका, हिशेब आहे, पण तो परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजायचा असतो.

सेपेडा आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 1354 जणांवर हेच तपासलं. लोकांनी काही अपरिचित माहिती शिकली, काही दिवसांनी एकदा उजळणी केली आणि त्यानंतर ठरावीक काळाने अंतिम चाचणी दिली. चाचणी 7 दिवसांनी असेल तर दोन अभ्यासांमधलं सर्वांत फायद्याचं अंतर 1 दिवस निघालं. 35 दिवसांनी असेल तर 11 दिवस. 70 दिवसांसाठी 21, आणि 350 दिवसांसाठीही 21 च. जितकं जास्त काळ टिकवायचं तितकं अंतर मोठं, पण त्या प्रमाणात नाही.

त्यामुळे 1-3-7-21 चुकीचं नाही, पण त्या आकड्यांत जादूही नाही. अंतर थोडं जास्त ठेवण्यापेक्षा फार कमी ठेवण्यात नुकसान अधिक होतं. एकाच दिवशी पाच वेळा घोकण्यापेक्षा दोन दिवसांत दोनदा आठवणं केव्हाही बरं. एबिंगहाउसलाही हे दिसलं होतं: 12 अक्षरगटांच्या यादीवर सलग 68 आवर्तनं करून जो परिणाम साधला, तो तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवर्तनांनी साधला.

वेळेचं म्हणाल तर रॉसन आणि डनलॉस्की यांचा 2011 चा निष्कर्ष फार कामाचा आहे: पहिल्या दिवशी प्रत्येक मुद्दा तीनदा बरोबर आठवेपर्यंत, नंतर वेगवेगळ्या दिवशी तीन फेऱ्या. पुढच्या फेऱ्यांत प्रत्येक मुद्दा एकदा बरोबर आला की बाजूला ठेवायचा. म्हणून पुढच्या फेऱ्या झपाट्याने आखूड होतात. पहिल्या दिवसाला 40 मिनिटं लागलेल्या भागाला तिसऱ्या फेरीला तेवढा वेळ लागत असेल, तर समजा की येणाऱ्या गोष्टींवरही वेळ जातोय.

---

पेटीतला_पत्ता

सुट्या माहितीसाठी (सनावळी, कलमं, व्याख्या, शब्दार्थ) कोऱ्या कागदापेक्षा पत्ते सोयीचे. जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनरने 1972 मध्ये मांडलेली पेटी आजही चालते आणि तिला मोबाइल लागत नाही.

बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे पडदे घालून पाच कप्पे करा. कार्डशीट कापून वहीच्या पाव पानाएवढे पत्ते. पुढे प्रश्न, मागे उत्तर. नवीन पत्ता पहिल्या कप्प्यात. बरोबर आला की पुढच्या कप्प्यात, चुकला की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. प्रत्येक कप्प्याच्या पडद्यावर पुढची तारीख पेन्सिलीने लिहा, नाहीतर चौथा-पाचवा कप्पा हमखास विसरला जातो.

भार किती पडेल ते आधीच मोजा. रोज 10 नवीन पत्ते घातले तर प्रत्येक पत्ता किमान पाच वेळा समोर येणार, म्हणजे साधारण दोन महिन्यांनी घडी बसली की रोज 50 पत्ते, चुकलेले धरून 60 ते 70. पत्त्याला 10 सेकंद धरले तरी दहा-बारा मिनिटं. रोज 40 नवीन घालणाऱ्याला हेच पाऊण तासावर जातं. उत्साहाच्या भरात बहुतेकांची पेटी इथेच बसते.

पत्ता कसा लिहावा यावर यश-अपयश ठरतं. 'आणीबाणीच्या तरतुदी सांगा' हा वाईट पत्ता. उत्तरात आठ गोष्टी, त्यांतल्या पाच आल्या, मग बरोबर म्हणायचं की चूक? एका पत्त्यावर एकच उत्तर हवं. 'कलम 352 कशाबद्दल?' आणि 'राष्ट्रीय आणीबाणी कोणत्या कलमाखाली?' हे दोन वेगळे पत्ते, कारण एका दिशेने येणारं उलट्या दिशेने येतंच असं नाही. आणि न समजलेली गोष्ट पत्त्यावर टाकू नका. ती आठवेलही, पण वापरता येणार नाही.

आन्की (हेच पत्ते संगणकावर किंवा मोबाइलवर चालवणारं अ‍ॅप) वापरणाऱ्यांसाठी थोडं. 'अगेन' आणि 'हार्ड' या बटणांची गल्लत फार होते. 'अगेन' म्हणजे विसरलं. 'हार्ड' म्हणजे आठवलं पण कष्टाने. विसरल्यावर 'हार्ड' दाबलं की यंत्र ते बरोबर उत्तर धरतं आणि अंतर वाढवतं, मग सगळं गणित पोकळ. 23.10 आवृत्तीपासून त्यात उजळणीचं अंतर ठरवणारी एफएसआरएस ही नवी पद्धत आली. तिच्यात 'किती टक्के लक्षात राहावं' हे आपण ठरवतो. मूळ आकडा 90 असतो, तो तसाच राहू द्या. 97 वर नेला की पत्त्यांचा पूर येतो. आणि एकच पत्ता आठ वेळा विसरला की त्याला 'लीच' अशी खूण लागते. अशा पत्त्याला आणखी घोकू नका. तो मोडून दोन करा, नाहीतर नव्याने लिहा.

---

रात्रीची_अभ्यासिका

धन्यवाद. कलमांवरून आठवलं. 352, 356, 360 ही तिन्ही वेगवेगळी वाचली तेव्हा येत होती, एकत्र आल्यावर उलटसुलट होतात. असं का होतं? आणि आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणं म्हणजे आठवून काढणंच झालं ना?

---

निळी_शाई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर विसरण्याच्या कारणातच आहे. आठवण नुसत्या काळाने झिजते हा समज मॅकगिओकने 1932 मध्येच खोडला. मोठा वाटा असतो तो सारख्या दिसणाऱ्या इतर आठवणींच्या अडथळ्याचा. जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी 1924 मध्ये दोन विद्यार्थ्यांना अक्षरगट पाठ करायला देऊन 1, 2, 4 आणि 8 तासांनी विचारलं. मधला वेळ झोपेत गेला तेव्हा जागेपणीपेक्षा कितीतरी जास्त उरलं. काळ तेवढाच, फरक मधे काय घडलं याचा. रात्री उशिरापर्यंत जागून चार विषय एकावर एक रचण्यापेक्षा एक विषय आटोपून झोपणं का बरं, तेही यातून कळतं.

तुमची तिन्ही कलमं तिनशे पन्नासच्या आसपासची आणि तिन्ही आणीबाणीच्या भागातली. 'आणीबाणी' हा एकच धागा तिघांना बांधलेला आहे, तो ओढला की तिन्ही हलतात. आधी एक कलम पक्कं करा, त्यानंतरच दुसरं घ्या, आणि मग खास फरकाचे पत्ते करा: 'राज्यातली घटनात्मक यंत्रणा कोलमडली तर 352 की 356?', 'आर्थिक स्थैर्याला धोका असेल तर कोणतं?' अशा पत्त्याचं काम आकडा आठवणं एवढंच नसून दोघांतला भेद आठवणं हे आहे.

दुसरा प्रश्न. पर्याय दिसत असतील तर सराव पुन्हा ओळखण्याकडे झुकतो. पर्यायांवर कागद ठेवा, उत्तर आधी लिहा, मग कागद काढा. आणि उत्तरतालिका त्याच बैठकीत तपासा. रोडिगर आणि मार्श यांनी 2005 मध्ये दाखवलं की बहुपर्यायी चाचणीतले चुकीचे पर्याय नंतर 'खरं उत्तर' म्हणून आठवतात. लगेच खुलासा मिळाला तर हा दोष बराच कमी होतो. एक सुखद बाब: ठाम खात्रीने दिलेलं उत्तर चुकलेलं कळलं की ती दुरुस्ती इतर चुकांपेक्षा जास्त पक्की बसते. बटरफिल्ड आणि मेटकाफ यांचा 2001 चा निष्कर्ष आहे. म्हणून उत्तराशेजारी खात्री किती होती ते 1 ते 3 असं लिहीत जा आणि चुकलेल्यांतले '3' वाले आधी पाहा.

---

त्रिज्या

हे सगळं माहितीच्या विषयांचं झालं. गणिताला कोरा कागद चालत नाही. तिथलं दुखणं वेगळं आहे.

दहावीचं महत्त्वमापन घ्या. पाठ्यपुस्तकात शंकूची उदाहरणं सलग, मग गोलाची, मग शंकूछेदाची. शंकूच्या सरावसंचातल्या पाचव्या उदाहरणापर्यंत मूल प्रश्न वाचतच नाही, आकडे उचलून सूत्रात घालतं. सूत्र कोणतं लावायचं हा निर्णय मथळ्यानेच घेऊन ठेवलेला असतो. परीक्षेत मथळा नसतो.

रोरर आणि टेलर यांचा 2007 चा प्रयोग घनाकृतींच्या घनफळांवरच होता. एका गटाने प्रकारवार सलग सराव केला, दुसऱ्याने तीच उदाहरणं मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची 60. आठवड्याने चाचणी झाली तेव्हा सलगवाले 20 वर आणि मिसळवाले 63 वर.

क्लासमध्ये हे राबवायचं असेल तर एक सूचना. मिसळल्या दिवशी गुण कमी होणारच, आणि पालकांचे फोनही येणार, त्यांना आधी सांगून ठेवा. नवीन प्रकार शिकवला त्या दिवशी त्याची तीन-चार उदाहरणं सलग द्या, सुरुवातीपासून सगळं मिसळलं तर मुलं भांबावतात. त्यानंतरच्या गृहपाठात मात्र दहापैकी तीन आजची आणि सात मागच्या प्रकरणांतली, क्रम विस्कटून. वेळ कमी असेल तर उदाहरण सोडवूही नका, वीस प्रश्नांपुढे फक्त 'आकृती कोणती, सूत्र कोणतं' एवढंच लिहून घ्या. बारावीच्या इंटिग्रेशनला हे तंतोतंत लागू पडतं: सबस्टिट्यूशन, बाय पार्ट्स की पार्शल फ्रॅक्शन, एवढं ओळखण्यातच निम्मी लढाई आहे.

---

घनस्वर

पाठांतराला या चर्चेत जागा आहे का? पाढे, श्लोक हे आठवून म्हणणंच आहे, तरी त्याला घोकंपट्टी म्हणून हिणवलं जातं, हे पटत नाही.

---

निळी_शाई

जागा नक्कीच आहे. न बघता पाढा म्हणणं हे आठवून काढणंच आहे. त्याची मर्यादा दुसरीकडे आहे. 'सतरा आठे' विचारलं की मूल 'सतरा एके'पासून सुरू करतं, कारण प्रत्येक ओळ आठवण्याची खूण ही मागची ओळ आहे. साखळी पक्की, पण मधल्या कडीला थेट हात घालता येत नाही. उपाय सोपा आहे: पाढा ओळीने येऊ लागला की त्या दिवसापासून तो ओळीने विचारणं थांबवा. चिठ्ठ्या काढून विचारा. 'सतरा आठे'ही विचारा आणि 'एकशे छत्तीस कशाच्या पाढ्यात'ही. तीन सेकंदांत आलं नाही तर चूक धरा, नाहीतर मूल ओठांतल्या ओठांत वरून म्हणत येतं आणि आपल्याला कळत नाही. सहा नवे चोपन्न आणि सात आठे छप्पन्न ही जोडी मुद्दाम एकापाठोपाठ विचारा. ती कलमांसारखीच एकमेकांत अडकते.

अवांतर: वेदपठणाच्या परंपरेने साखळीच्या प्रश्नावर विलक्षण बारकाईने काम केलेलं आहे. जटापाठात दोन पदं 1-2, 2-1, 1-2 अशी म्हणतात. घनपाठात 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3. प्रत्येक पद पुढून आणि मागून, दोन्ही शेजाऱ्यांबरोबर येतं, त्यामुळे एखादं पद गळलं किंवा बदललं तर तिथल्या तिथे पकडलं जातं. शब्दन्‌शब्द अचूक जपायचा मजकूर असेल तर याला तोड नाही. इतिहासाच्या धड्याला मात्र शब्द जपायची गरज नसते, तिथे ही मेहनत अनाठायी.

---

रात्रीची_अभ्यासिका

शेवटचा प्रश्न. परीक्षेला 35 दिवस आहेत, आन्कीत 900 पत्ते थकलेत आणि दोन विषय अजून वाचायचेत. आता काय?

---

पेटीतला_पत्ता

नवीन पत्ते आजपासून शून्य करा, म्हणजे सेटिंगमध्ये रोजचे नवीन '0'. थकलेल्या 900 मधून जुन्या प्रश्नपत्रिकांत ज्या घटकांवर प्रश्न आलेच नाहीत ते सस्पेंड करा, डिलीट नको. उरलेले समजा 600 असतील तर रोज 90 ची मर्यादा घाला. चुकलेले पुन्हा येतात आणि रोजचे नेहमीचेही देय होत राहतात, ते धरूनही दोन आठवड्यांच्या आत गाडी रुळावर येते. एका दिवसात 600 उरकायला बसलात तर शेवटचे 300 नुसते अंगठ्याने पुढे जातील.

न वाचलेल्या दोन विषयांना पत्ते करू नका, आता वेळ नाही. कोरा कागदच बरा. पहिलं वाचन आणि कागद येत्या 20 दिवसांत संपवा. त्याच भागाचा दुसरा कागद साधारण दहा दिवसांनी. जो भाग विसाव्या दिवशी वाचाल त्याचा दुसरा कागद तिसाव्या दिवशी येईल. शेवटचे पाच दिवस फक्त दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरलेला मजकूर बघायचा, तोही आधी हाताने झाकून.